लेदरक्राफ्ट किट, आठ महिन्यांनंतर: पोळ्याच्या दिवशी बैलाची मान काळी झाली

मे महिन्यात अमळनेरला बसून ऑनलाइन मागवलेलं बत्तीस नगांचं किट, २४०० रुपये. आत काय काय येतं ते तुम्ही पाहिलंच असेल, यादी देत नाही. मी लिहायला बसलोय ते एका ठशासाठी.

पानाच्या आकाराचा ठसा. तिसऱ्या महिन्यात त्याचा चकचकीत मुलामा पापुद्र्यासारखा सुटला, आत साधं लोखंड. व्हेज टॅन, म्हणजे झाडाच्या सालीतल्या टॅनिननं कमावलेल्या चामड्यावर नक्षी उठवायची तर ते आधी ओलं करावं लागतं, आणि ओल्या टॅनिनला लोखंड लागलं की काळंनिळं पडतं. पाकिटावर बावीस पानं उठवली, बावीस ठिकाणी शाई सांडल्यासारखे डाग. कस्टमर केअरला फोटो पाठवले. उत्तर आलं, चामडं सदोष आहे. ठसा शेजारी ठेवून पुन्हा फोटो पाठवला, तर म्हणे पाण्याचा दोष असेल. आमचं पाणी बोअरचं, त्यात लोह असू शकतं, म्हणून गच्चीवर धरलेल्या पावसाच्या पाण्यानंही करून पाहिलं. डाग तसेच.

बाकीची हत्यारं ठीक आहेत. फिरत्या पात्याची सुरी बोथट येते, न्हाव्यासारखी पट्ट्यावर घासली की सरळ चालते. नायलॉनचा हातोडा उत्तम. खाली ठेवायला ग्रॅनाइट विकत घेऊ नका, ओट्याचा उरलेला तुकडा कुठलाही फरशीवाला फुकट देतो. एक आमच्याकडचं सांगतो: मे महिन्यात पंख्याखाली काम करू नका, निम्मी नक्षी होईपर्यंत चामडं वाळून कडक होतं.

आता रंग. मामांच्या पांढऱ्या बैलासाठी पोळ्याला घुंगरांचा पट्टा केला. किटमधला स्पिरिटचा काळा रंग दोन हात दिला, वाळवला, फडक्यानं घासला, मेण लावलं. मिरवणूक वेशीपाशी पोचली आणि पाऊस आला. पट्ट्याखाली बैलाची मान काळी, ओघळ थेट पुढच्या पायापर्यंत. मामा म्हणाले, "हाई काय करी ठेवं रे भाऊ?" अख्खं गाव हसलं. घरी येऊन एक स्टार दिला.

तो स्टार आता बदलतोय, आणि कारण तोच ठसा. मनात आलं, जो डाग पाण्यानं जात नाही तोच रंग म्हणून का वापरू नये? शोधलं तर ही जुनीच युक्ती निघाली. गंजके खिळे बरणीत टाकायचे, वर व्हिनेगर ओतायचं, झाकण सैल ठेवायचं (वायू सुटतो, घट्ट लावाल तर बरणी फुटेल) आणि दोनेक आठवडे थांबायचं. भांडी घासायची स्टेनलेसची तार चालत नाही, माझा पहिला आठवडा तिच्यातच गेला. मग पाणी गाळून चामड्यावर लावायचं. आधी कडक कोरा चहा फिरवला तर काळा आणखी गडद येतो. शेवटी खायच्या सोड्याच्या पाण्यानं पुसायचं, वाळलं की तेल. क्रोम टॅनवर, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेल्या चामड्यावर, हे होत नाही, टॅनिनच नसतं त्यात. हा रंग वरून बसत नाही, चामडंच काळं होतं. नवा पट्टा बादलीत बुडवून पांढऱ्या पंचावर घासला. पंचा पांढराच. खर्च व्हिनेगरच्या एका बाटलीचा. खिळे मामांच्या जुन्या दाराचे. किटमधली रंगाची बाटली धरली तर ३५० रुपयांची.

म्हणून हत्यारांना तीन स्टार, रंगाला शून्य. ठसा घासकागदानं साफ करून पारदर्शक नेलपॉलिशचा हात दिलाय. दर पंधरा दिवसांनी पुन्हा द्यावा लागतो आणि बायको बाटल्या मोजून ठेवते.

तक्रार अजून 'विचाराधीन'. परवा त्यांनी डागांचे नवे फोटो मागितले. ते डाग मी लिंबू चोळून कधीच घालवले.