आंब्याखालचा कारिवणा: अकरा महिन्यांनंतर

आंब्याखाली हिरवळ मी दोनदा लावली आणि दोन्ही वेळा पावसाळा सरताच ती विरळ होऊन गेली. गवताला ऊन लागतं. इथे ते सकाळी दोनेक तास येतं, तेही फक्त पूर्वेच्या कडेला. गेल्या जूनमध्ये तिथे जमिनीलगत पसरणारा कारिवणा लावला. आता मे लागलाय आणि वाफ्यातली पाऊण जमीन झाकली गेली आहे.

सुरुवात मात्र चुकली होती. कारिवण्याला, म्हणजे मंडूकपर्णीला, सर्रास ब्राह्मी म्हणतात. रोपवाटिकेत मीही तेच नाव सांगितलं आणि हाती आली दुसरी ब्राह्मी, बकोपा. तिला ऊन आणि चिखल हवा. झाडाखाली ती तीन आठवड्यांत फिकी पडून लोळू लागली. तेव्हा नाव सांगून थांबू नका, पान बघा. बकोपाचं पान बोटाच्या पेरापेक्षाही लहान, लांबट आणि मांसल. कारिवण्याचं गोलसर, मूत्रपिंडाच्या आकाराचं, कडेला बोथट दाते असलेलं, आणि देठ जिथे जुळतो तिथे खोल खाच.

मुळं फुटलेले बारा तुकडे वीतभर अंतरावर लावले. जमीन खोल खणली नाही, आंब्याची बरीच बारीक मुळं वरच असतात. दोन बोटं शेणखत आणि कुजलेला पाला पसरून त्यातच तुकडे दाबले. पहिला महिना काहीच हललं नाही. मग जुलैच्या शेवटी धावती खोडं सुटली आणि रोज सकाळी बघायला जावंसं वाटू लागलं. एक खोड अलगद उचलून पाहिलं तर दर पेराशी वर पानांचा झुबका आणि खाली पांढऱ्या केसांसारखी मुळं, माती घट्ट धरून बसलेली. म्हणूनच यंदा पावसाच्या माऱ्याने इथली माती वाहून गेली नाही. फुलं मात्र शोधावी लागतात. पानं बाजूला केली की जमिनीलगत गुलाबीसर, टाचणीच्या डोक्याएवढी दिसतात.

सावली किती, यावर सगळं ठरतं. पूर्वेच्या कडेला पानं लहान, जाड आणि दाट आहेत. बुंध्याजवळ देठ वीतभर उंच होतात, पानं मोठी होतात, पण मधून माती दिसते. गर्द अंधारात याच्याकडून गालिच्याची अपेक्षा धरू नये.

त्रास दोन झाले. ऑगस्टमध्ये गोगलगायींनी पानांची चाळण केली. आठवडाभर रात्री टॉर्च घेऊन वेचल्या तेव्हा आटोक्यात आल्या. दुसरा त्रास लव्हाळ्याचा, आणि तो माझ्याच घाईमुळे. लावणीआधी गाठी पुरत्या काढल्या नाहीत. आता लव्हाळा उपटला की त्याच्याबरोबर कारिवण्याची जाळीही तुटते. ज्यांच्या जमिनीत लव्हाळा आहे त्यांनी एक पावसाळा थांबावं, पण आधी तो काढावा.

पाण्याचं म्हणाल तर उन्हाळ्यात हयगय चालत नाही. आंब्याची मुळं ओल ओढून घेतात. एप्रिलपासून दुपारी पानं मिटल्यासारखी मान टाकतात, पाणी दिलं की संध्याकाळी परत ताठ. आंब्याची गळलेली पानं मात्र उचलावी लागतात. ती जाड असतात, एकावर एक बसली की खालचा कारिवणा पिवळा पडतो. मी ती चुरडून पुन्हा तिथेच टाकते.

पावसाळ्यात तो शेजारच्या वाफ्यात शिरतो, दर पंधरवड्याला खुरप्याने कड कापावी लागते. कापलेले तुकडे मी फेकले नाहीत, पश्चिमेच्या भिंतीलगत लावले आणि तेही लागले. अधूनमधून पाय पडला तर चालतो, रोजची वाट मात्र तिथून नको. मी मधून चार दगड टाकलेत.

बुंध्याभोवतीचा हातभर भाग अजून उघडाच आहे. येत्या जूनमध्ये तिथे नेचे लावणार आहे.