अव्योस की अव्येस? चेखवच्या विनोदी कथांतून रशियन

माझी सगळी नोकरी ओझरच्या विमान कारखान्यात झाली. आधी मिग, मग सुखोई. रशियन तिथेच शिकलो, पण मॅन्युअल वाचता येईल एवढीच. गाइका म्हणजे नट, क्रिलो म्हणजे पंख, दाव्लेनिये म्हणजे दाब. मॅन्युअलमधली वाक्यं एकाच साच्यातली असतात: 'झाकण काढणे. फट तपासणे.' त्यांत कुणी कुणाला तू म्हणत नाही, तुम्हीही म्हणत नाही. त्यामुळे इतकी वर्षं रशियन वाचूनही 'माझा दात दुखतोय' हे रशियनमध्ये कसं म्हणायचं, ते मला माहीत नव्हतं.

ते मला या पुस्तकाने शिकवलं. रशियन शिकणाऱ्या परदेशी लोकांसाठी काढलेलं हे छोटं पुस्तक आहे. चेखवच्या चार विनोदी कथा, मूळ मजकूर कुठेही न छाटता दिलेल्या. डाव्या पानावर रशियन, उजव्या पानावर इंग्रजी, तळाला टिपा, प्रत्येक शब्दावर आघाताची खूण आणि मोबाइलवर ऐकायला वाचन. चार महिने मी रोज सकाळी तासभर ते घेऊन बसतोय.

आघाताची खूण फार मोलाची आहे. रशियनमध्ये झामक म्हणजे गढी आणि झमोक म्हणजे कुलूप. अक्षरं तीच, फक्त जोर बदलतो. रशियन माणसांसाठी छापलेल्या पुस्तकात ही खूण नसते, आणि नवखा तिथेच अडकतो.

पहिली कथा १८८५ सालची, 'घोड्याचं आडनाव'. निवृत्त मेजर जनरल बुल्देयेवचा दात ठणकतोय. त्याचा कारभारी सांगतो, सारातोवला दात मंत्रून बरा करणारा एक जण आहे. तार करायला बसतात तर आडनाव आठवेना! घोड्याशी संबंध आहे एवढंच कारभाऱ्याच्या लक्षात आहे. मग सगळं घर आडनावं शोधायला लागतं. कोबिला म्हणजे घोडी, म्हणून कोबिलिन. झेरेबेत्स म्हणजे वळू घोडा, म्हणून झेरेब्त्सोव. कोपितो म्हणजे खूर, म्हणून कोपितिन. एका कथेत रशियन आडनावं कशी बनतात ते समजून जातं, तक्ता पाठ करावा लागत नाही. शेवटी डॉक्टर येऊन दात उपटतो. परत जाताना तो कारभाऱ्याकडे घोड्यासाठी ओट विकत मागतो, आणि त्या क्षणी कारभाऱ्याला आठवतं: अव्सोव!

आता गंमत पाहा. ओटला रशियनमध्ये म्हणतात अव्योस. पण डॉक्टर इतके इतके 'ओटचे' माप मागतो, म्हणून षष्ठीत तो शब्द होतो अव्सा. मधला स्वर गळला, आणि गळला म्हणूनच आडनाव सापडलं. इंग्रजी टिपेत याला 'अनियमित रूप' म्हणून सोडून दिलंय. मराठी माणसाला त्यात अनियमित काय वाटणार? आपण कापूस म्हणतो आणि कापसाचा म्हणतो, लाकूड म्हणतो आणि लाकडाला म्हणतो. आपल्या कानाला हे लहानपणापासून ठाऊक आहे. ही ओळ कळली तेव्हा मी एकटाच मोठ्याने हसलो.

माझी मुख्य तक्रारही याच शब्दाची आहे. रशियनमध्ये 'यो'च्या अक्षरावर दोन टिंबं असतात. रोजच्या छपाईत ती गाळतात, ते ठीक. पण शिकणाऱ्यांच्या पुस्तकात? इथे टिंबं नाहीत, उलट 'ये'वर आघाताची खूण दिलीय. मी आठवडाभर 'अव्येस' वाचत होतो. कथा ज्या शब्दावर उभी आहे तोच चुकवावा, याचं मला खरंच वाईट वाटलं. वाचन ऐकल्यावर चूक कळली. तेव्हा ऐकल्याशिवाय पान उलटू नका. वाचणाऱ्याचा आवाज छान आहे, वेग मात्र नवख्याला झेपणारा नाही.

'जाड्या आणि बारक्या' ही माझी सगळ्यात आवडती. स्टेशनवर दोन शाळूसोबती भेटतात, मिठ्या मारतात, तू-तू करून बोलतात. मग बारक्याला कळतं की मित्र तायनी सोवेत्निक झालाय. झारच्या काळी हुद्द्यांच्या १४ पायऱ्या होत्या. मित्र तिसऱ्या पायरीवर, हा आठव्या. (ही टीप पुस्तकात नीट दिलीय.) एका वाक्यात बारक्याची भाषा पालटते. क्रियापद अनेकवचनी होतं, शब्दांच्या शेवटी आदराचा 'स' चिकटायला लागतो, अगदी हसण्यालासुद्धा: 'खी-खी-स'. उजव्या पानावरच्या इंग्रजीत यातलं काही उरत नाही, कारण तिथे सगळ्यांना एकच सर्वनाम. आपल्याला मात्र 'तू मोठा झालास' आणि 'आपण मोठे झालात' यांतलं अंतर थेट टोचतं. उजवं पान झाकून वाचा.

सरड्यासारखे रंग बदलणाऱ्या फौजदाराची कथा मला जरा लांबल्यासारखी वाटली. पण मॅन्युअलमधलं 'स्न्यात', म्हणजे काढणे, तिथे 'स्निमी-का' होऊन भेटलं: काढ रे जरा माझा कोट.

चौथीत माझा जुना शब्द आला, गाइका. देनिस नावाचा शेतकरी रेल्वेरुळाचा नट काढताना पकडला जातो. त्याला तो गळाला वजन म्हणून हवा असतो. नटाला भोक असतंच, दोरा ओवायला सोपं. तो तपासनीसाला सांगतो, आम्ही सगळे नट काढत नाही, काही ठेवतो. विमानाच्या कामात एक नट सापडला नाही तर तो सापडेपर्यंत पुढचं काम थांबतं. मी तपासनीसाच्या बाजूचा माणूस. तरीही देनिसचं बोलणं मूळ भाषेत ऐकताना तो खोटं बोलत नाहीये हे स्वच्छ कळतं. त्याला गाडी आणि नट यांचा संबंधच दिसत नाही. हसू येतं आणि मध्येच थांबतं.

पाचपैकी चार गुण. नुकती लिपी शिकलेल्याने घेऊ नये. विभक्त्या एकदा हाताखालून गेलेल्या असाव्यात. देनिसची कथा शेवटी ठेवा. त्याची बोली खेडवळ आहे, 'श्तो'च्या जागी तो 'चावो' म्हणतो, आणि तळाच्या टिपा तिथे तोकड्या पडतात. मी ती आता दुसऱ्यांदा वाचतोय, रोज अर्धं पान, मोठ्याने.