ताप आला: आधी मेडिकल की आधी दवाखाना?

पावसाळ्यात पुण्यात घरोघरी तापाचं कोणी ना कोणी असतंच. दवाखाना उघडणार संध्याकाळी, तिथं तासभर बसायचं, फी आणि तपासण्या वेगळ्या. उलट कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये ‘ताप आहे, अंग दुखतंय’ म्हटलं की पाच मिनिटांत सुट्या गोळ्यांची पुडी हातात. वेळ आणि पैसा एवढंच बघाल, तर मेडिकल सरस.

पण पुडीत काय आहे? डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनसारखी दुखण्याची गोळी असेल आणि ताप डेंग्यूचा निघाला, तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. डेंग्यूची शंका असेपर्यंत तापाला पॅरासिटामॉलच. तेही धडधाकट मोठ्या माणसाला 24 तासांत 4 ग्रॅमच्या आत, सर्दीच्या गोळीतलं धरून. आणखी एक, डेंग्यू बऱ्याचदा ताप उतरताना बिघडतो. आपण ‘गोळी लागू पडली’ म्हणून निश्चिंत होतो, आणि नेमक्या त्याच वेळी पेशंटवर लक्ष हवं असतं.

माझ्या आईला बीपीची गोळी चालू होती. गुडघे दुखतात म्हणून तिनं मेडिकलमधून आणलेली दुखण्याची गोळी तीन महिने रोज घेतली. पाय सुजले, बोटानं दाबलं की खळगा तसाच राहायचा. रक्ततपासणीत क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारा आकडा, वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं, “आजी, अजून कुठल्या गोळ्या घेता?” तीन महिन्यांत काउंटरवर हे कुणीच विचारलं नव्हतं. माझ्या मते फी द्यायची ती या प्रश्नाची.

अँटिबायोटिकचा तर विचारच नको. व्हायरल सर्दी-तापावर ती चालत नाहीत, आणि उगाच घेतली की जंतू त्यांना दाद देईनासे होतात. स्ट्रिपवरची लाल उभी रेघ म्हणजे चिठ्ठीशिवाय नाही.

साधी कणकण असेल, तर एखादा दिवस पॅरासिटामॉल घेऊन बघायला हरकत नाही. ताप दोन दिवसांवर गेला, पोट दुखलं, उलट्या थांबेनात, अंगावर लाल ठिपके आले, हिरड्यांतून रक्त आलं, तर थेट डॉक्टर. लहान मूल, गरोदर बाई, बीपी-शुगरचा किंवा किडनी-लिव्हरचा पेशंट असेल तर पहिल्याच दिवशी.

फीमुळे अडत असेल तर महापालिकेचे दवाखाने आहेत, ससून या सरकारी हॉस्पिटलची ओपीडी आहे, ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवर घरबसल्या डॉक्टरांचा मोफत सल्लाही मिळतो. जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिपा पिशवीत घालून न्या, आयुर्वेदिक काढ्याची बाटलीसुद्धा.