हलता जबडा, पेटते डोळे : मंडईपासून होळीपर्यंत वापरलेला मुखवटा

भाऊबीजेनंतरच्या मंडईतली (गावजत्रेतली) दंडार (लोकनाट्य), मग शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) निमित्ताने होणारी रात्रभराची नाटके, मधे शाळेचे स्नेहसंमेलन, आणि शेवटी होळी. जबडा उघडणारा आणि डोळे पेटणारा राक्षसाचा मुखवटा झाडीपट्टीत (पूर्व विदर्भात) अख्खा हंगाम वापरल्यावर काय टिकले आणि काय गेले, त्याचा हा हिशेब. निकाल आधीच सांगून टाकतो. मायक्रोकंट्रोलरचा बोर्ड (सगळे चालवणारा छोटा संगणक) शेवटपर्यंत ठणठणीत राहिला. त्रास दिला तो तारांनी, जोडांनी, विजेने आणि गोंदाने. त्यामुळे बोर्ड कोणता घ्यावा यावर डोके खपवण्यात अर्थ नाही.

आधी घडण. आत बांधकामावरचे प्लास्टिकचे पिवळे हेल्मेट आहे, मागे चाकी फिरवून पट्टी घट्ट करता येते असे. मोटरसायकलच्या हेल्मेटवर मुखवटा बांधायचा मोह टाळा. ते एकटेच किलोच्या वर जाते आणि कानही झाकते, मग ऑर्गनचा सूर नटाला नीट ऐकू येत नाही. पिवळ्या हेल्मेटवर 5 मिमी जाडीच्या ईव्हीए फोमचा (रबरासारख्या स्पंजाचा) चेहरा. आत आर्डुइनो नॅनो (हाच तो मायक्रोकंट्रोलर, सीएच340 चिपवाला स्वस्त बोर्ड), जबड्याला एक एमजी90एस सर्व्हो (सांगितलेल्या कोनावर जाऊन थांबणारी छोटी मोटर), दोन डोळ्यांत सात-सात डब्ल्यूएस2812बी एलईडीच्या (कोडने रंग बदलणाऱ्या दिव्यांच्या) चकत्या, 30 मिमीचा 5 व्होल्टचा पंखा, 18650 चे (लिथियमचे, चार्ज होणारे) दोन सेल आणि बॅटरीचे व्होल्टेज 5 वर उतरवणारा एलएम2596 बक कन्व्हर्टर. वजन 900 ग्रॅमच्या आसपास, खर्च साधारण अडीच हजारांच्या आत. चेहऱ्याचा फोम आणि सर्व्हो पुढे ओढतात, म्हणून बॅटरी आणि बोर्डाची डबी डोक्याच्या मागे बसवायची. नाहीतर दुसऱ्या अंकापर्यंत नटाची मान धरते.

सर्व्होच्या बाबतीत पन्नास-शंभर रुपये वाचवू नका. एसजी90 चे गिअर प्लास्टिकचे असतात. नटाने मुखवटा काढताना जबड्याला धरून ओढला (आणि तो तसाच ओढणार, कितीही सांगा) की दात तुटलेच. एमजी90एस त्याच मापाचा, त्याच जागेत बसणारा, पण धातूच्या गिअरचा. ताकद दोघांचीही 4.8 व्होल्टवर साधारण 1.8 किलो-सेंमी (आसापासून 1 सेंमीवर 1.8 किलो पेलण्याइतकी), आणि ती मोटर अडून थांबते तेव्हाची. रोजच्या कामाला त्याच्या निम्मीच धरावी. जबडा 120 ग्रॅमचा असेल आणि त्याचे वजन बिजागरीपासून 8 सेंमीवर पडत असेल, तर लागणारा जोर 0.96 किलो-सेंमी होतो. म्हणजे सर्व्होची दांडी थेट जबड्याला जोडली तर निम्मी मर्यादा उलटली. त्यापेक्षा सर्व्होच्या हॉर्नवर (आसावरच्या दांडीवर) आसापासून दीड सेंमीवर भोक, जबड्यावर बिजागरीपासून 4 सेंमीवर दुसरे, आणि मधे सायकलचा स्पोक दोन्हीकडे वाकवून. सर्व्हो 90 अंश फिरला की जबडा 30 अंश उघडतो, हनुवटीशी सहा सेंमीची फट पडते. तनसावर (धानाच्या पेंढ्यावर) बसलेल्या शेवटच्या माणसालाही ती दिसते. जोर मात्र अडीचपटीने वाढतो. शिवाय कपाळापासून जबड्याला एक हलकी स्प्रिंग किंवा रबर लावा, म्हणजे वजन स्प्रिंग पेलते आणि सर्व्होला फक्त हलवायचे काम उरते.

उघडण्या-मिटण्याच्या मर्यादा कोडमध्ये टेकूच्या (जबडा जिथे अडतो त्या जागेच्या) दोन-चार अंश आधीच ठेवायच्या. टेकूला भिडून सर्व्हो घुंघुं करत राहिला तर तो पाऊण अँपिअरपर्यंत करंट ओढतो, तापतो, आणि त्याच दिवशी नाही तर आठवड्याने जातो.

आता वीज, म्हणजे नव्वद टक्के तक्रारींचे मूळ. सर्व्होची लाल तार नॅनोच्या 5 व्होल्टच्या पिनला लावलेली अनेक ठिकाणी दिसते. टेबलावर चालते. रंगमंचावर जबडा झटक्याने उघडला की व्होल्टेज खाली बसते, बोर्ड रिसेट होतो, डोळे विझून पुन्हा पहिल्यापासून पेटायला लागतात. दर संवादाला डोळे लुकलुकत असतील तर कोडमध्ये चूक शोधत बसू नका, हेच कारण असते. बक कन्व्हर्टरमधून सर्व्होला वेगळी जाड तार, एलईडीला वेगळी, नॅनोला वेगळी, आणि सगळ्यांचा ग्राउंड (ऋण तार) एकच. सर्व्होजवळ 1000 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, एलईडीच्या डेटा तारेत 330 ओहमचा रेझिस्टर. कन्व्हर्टरचा पेच मल्टिमीटर लावून 5.1 व्होल्टवर आणायचा, मगच पुढचे जोडायचे, आणि पेचावर नेलपॉलिशचा थेंब टाकायचा. नाचताना तो फिरतो.

पॉवर बँक वापरून पाहणारे पुष्कळ आहेत. नट विंगेत बसलेला, जबडा बंद, डोळे विझलेले, अशा वेळी करंट फारच कमी जातो आणि बऱ्याच पॉवर बँका आपोआप बंद पडतात. प्रवेशाच्या क्षणी मुखवटा मेलेला. पंखा सतत चालू ठेवला तर हे टळू शकते, पण भरवसा नाही. 18650 चे दोन सेल सिरीजमध्ये, 2एस (दोन सेलच्या) संरक्षण बोर्डासह, हेच बरे. टीपी4056 चार्जर एका सेलसाठी असतो, सिरीजमधल्या जोडीला तो चालत नाही, 8.4 व्होल्टचा चार्जर घ्या. आणि सेलवर 9900 एमएएच (साठवणक्षमता) छापलेले दिसले तर तो घेऊ नका. त्या मापाच्या सेलमध्ये साडेतीन हजारांच्या फार वर काही मावत नाही. खऱ्या 2500 च्या जोडीवर, सरासरी 350 मिलिअँपिअर धरून, कागदावर आठ-नऊ तास निघतात. पौषातल्या थंडीत थोडे कमी. नाटक रात्री दहाला सुरू होऊन पहाटेपर्यंत चालते, तेव्हा दुसरी जोडी चार्ज करून विंगेत असावीच.

डोळ्यांच्या उजेडाबद्दल. चौदा एलईडी पूर्ण पांढरे पेटवले तर 840 मिलिअँपिअर खातात आणि आतल्या नटालाच दिपवतात. फक्त लाल रंग, ब्राइटनेस 255 पैकी 80, एवढ्यात नव्वदच्या आसपास भागते आणि मंचावरचे दिवे मंद केले की दृश्य जमते. नटाची नजर या डोळ्यांतून नाही, खाली नाकपुड्यांच्या जागी लावलेल्या काळ्या जाळीतून जाते. चकतीच्या मागे काळा फोम लावला नाही तर उजेड आत सांडतो.

आणि एक गुंता, ज्यावर लोक दिवसचे दिवस घालवतात : डोळे रंग बदलत असताना जबडा थरथरतो. सर्व्होला दर 20 मिलिसेकंदाला एक ते दोन मिलिसेकंदाची पल्स लागते, आणि ती नॅनोवर इंटरप्टने (चालू काम मधेच थांबवणाऱ्या इशाऱ्याने) मोजली जाते. डब्ल्यूएस2812बी ला डेटा पाठवताना नियोपिक्सेल लायब्ररी (त्या एलईडीसाठीचा तयार कोड) इंटरप्ट बंद ठेवते, दर एलईडीमागे 30 मायक्रोसेकंद. चौदाचे झाले 420. त्या वेळेत पल्स संपायची असेल तर ती तेवढी लांबते आणि जबडा उगाच झेपावतो. उपाय तीन. जबडा हलत असताना एलईडीला नवा डेटा पाठवायचाच नाही. मुखवट्याला हे पुरते, कारण बोलताना डोळ्यांचा रंग बदलतो की नाही हे कोणी पाहत नाही. नाहीतर पल्स स्वतःच बनवणाऱ्या पीसीए9685 बोर्डावर सर्व्हो टाकायचा. नाहीतर डब्ल्यूएस2812बी सोडून साधे लाल एलईडी घ्यायचे, पण मग लक्षात ठेवा, सर्व्हो लायब्ररी सुरू असताना नॅनोच्या 9 आणि 10 नंबरच्या पिनवर पीडब्ल्यूएम (उजेड कमी-जास्त करायची सोय) चालत नाही. नॅनोऐवजी ईएसपी32 बोर्ड घेतला तर हा थरकाप नसतो, पण त्याचा सिग्नल 3.3 व्होल्टचा आणि 5 व्होल्टच्या एलईडीला साधारण साडेतीन लागतात, म्हणून मधे सिग्नलचे व्होल्टेज वाढवणारा लेव्हल शिफ्टर आला. मुखवट्यासाठी नॅनो पुरे.

जबडा उघडायचा कशाने? आवाजावर चालणारे सेन्सर मोड्यूल इथे बिनकामाचे. ऑक्टोपॅड (इलेक्ट्रॉनिक तालवाद्य) आणि ढोलकी सुरू झाली की राक्षस गाणे म्हणायला लागतो. हातमोज्यातल्या बटणाची तार खांद्याशी तुटते. सर्वांत चांगले चालले ते हनुवटीखालचे लिव्हरवाले लिमिट स्विच : नट बोलायला तोंड उघडतो, लिव्हर दबते, जबडा उघडतो. कोडमध्ये पिन इनपुट पुलअप (स्विच उघडा असताना पिन स्थिर राहावी म्हणून), 30 मिलिसेकंदाचा डिबाउन्स (स्विचची थरथर गाळायला), झाले. दाढीच्या घामाने स्विचचे पाय हिरवे पडतात, म्हणून सोल्डरवर हीटश्रिंक आणि महिन्याकाठी पुसणे.

ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता जोडायची पाटी) आणि जम्पर तारा फक्त टेबलापुरत्या. टेम्पोतून बांधीच्या (धानाच्या शेताच्या) वाटेने एक फेरी झाली की त्या सुटतात. सोल्डर करा, काढता येणाऱ्या जागी जेएसटी कनेक्टर (छोटे प्लग) द्या, आणि बिजागरीजवळून जाणारी तार बारीक धाग्यांची, सिलिकॉनची घ्या. एकेरी तार वाकून वाकून आतल्या आत तुटते आणि बाहेरून कळत नाही. मंचाच्या टांगत्या माइकखाली सर्व्होची कर्रकर्र ऐकू जाते. शांत प्रसंगात जबडा स्थिर झाला की कोडने सर्व्हो डिटॅच करा (त्याचा सिग्नल थांबवा), स्प्रिंग जबडा धरून ठेवते.

गोंदाचे सांगायचे तर ग्लू गन फक्त तारा दाबायला. टिनाच्या खोलीत एप्रिल-मे महिन्यांत ती नरम पडते, आणि पीएलए प्लास्टिकचे थ्रीडी प्रिंट केलेले भागही साठ अंशांच्या आसपास वाकतात. सर्व्होला 3 मिमीचे नटबोल्ट, फोमला रबरी कॉन्टॅक्ट गोंद. फोमऐवजी कागदाच्या लगद्याचा चेहरा केला तर तो स्वस्त आणि सुंदर होतो, पण खळीला (लगदा चिकटवणाऱ्या पिठाच्या पेजेला) उंदीर आणि वाळवी लागते. खळीत मोरचूद घालतात तसा घाला. मात्र ते विष आहे, आतून चेहऱ्याला लागणाऱ्या बाजूस कापडाचे अस्तर हवेच. पहाटेच्या दवाने लगदा मऊ होतो, म्हणून बाहेरून वॉर्निशचे दोन हात.

होळीनंतर मुखवटा ठेवताना सेल बाहेर काढा, प्रत्येकी 3.8 व्होल्टच्या आसपास ठेवून थंड खोलीत डब्यात घाला. जबडा मिटलेल्या स्थितीत, स्प्रिंग सोडून. पोळ्याच्या आधी एकदा सेल लावून जबडा वीस-पंचवीस वेळा चालवून बघा. बिजागरीत गंज असेल तर तेव्हाच दिसतो, आणि शारदेच्या झाँकीपर्यंत (देखाव्यापर्यंत) नवा सर्व्हो मागवायला वेळ असतो.