कपाशीतला नरसाळ्याचा कामगंध सापळा: फवारणीची वेळ सांगणारं स्वस्त साधन

गुलाबी बोंडअळीवर औषध कोणतं मारायचं, यापेक्षा कधी मारायचं हा प्रश्न मोठा. अंड्यातून निघालेली अळी थोड्याच वेळात फुलात नाहीतर बोंडात शिरते, मागे छिद्रही बुजून जातं. मग वरून कितीही फवारा, आत पोचत नाही. पंधरवड्याचा हिशेब धरून पंप उचलणाऱ्यांचा पैसा इथेच वाया जातो.

या अळीचे पतंग कधी वाढले ते कामगंध सापळा सांगतो. मादीसारखा गंध सोडून तो नर पतंगांना ओढतो आणि ते नरसाळ्यातून खालच्या पिशवीत अडकतात. पेरणीनंतर ४५ दिवसांनी एकरी २ सापळे पाळतीला पुरतात. नरसाळं शेंड्याच्या फूटभर वर हवं आणि कपाशी वाढेल तसं काठीवर सरकवत राहायचं. हे राहून गेलं की सापळा पानांत बुडतो, पतंग मिळत नाहीत आणि शेत स्वच्छ आहे असा गैरसमज होतो.

दुकानात ल्यूर, म्हणजे सापळ्यात लावायची गंधाची गोळी, गुलाबी बोंडअळीचीच मागून घ्या. हिरव्या बोंडअळीची हेलील्यूर लावली तर गुलाबीचे पतंग फिरकणारच नाहीत. तंबाखूचा किंवा औषधाचा हात ल्यूरला लागू देऊ नका. पाकिटावरच्या मुदतीत ती बदला, जादा पाकिटं फ्रीजमध्ये ठेवा.

रोज सकाळी पिशवी सोडून पतंग मोजायचे आणि पिशवी रिकामी करायची. सलग ३ रात्री दर सापळ्यात ८ किंवा जास्त पतंग आले, की फवारणीची वेळ झाली. सोबत शेतभर फिरून वेगवेगळ्या झाडांची २० हिरवी बोंडं फोडून बघा. त्यातल्या २ बोंडांत जिवंत अळी निघाली, तर सापळ्यातला आकडा कमी असला तरी थांबू नका. डोमकळ्या, म्हणजे अळी लागून पूर्ण न उमललेली गुलाबासारखी फुलं, दिसतील तिथेच तोडून नष्ट करा.

वस्तूतली कमजोर बाजू म्हणजे पिशवी. प्लास्टिक पातळ असतं, पावसाचं पाणी साचून पतंग कुजतात आणि मोजणी चुकते. तळाला सुईने दोन-चार भोकं पाडा. पिशवी बांधायचं रबर उन्हात तुटतं, त्याऐवजी सुतळी बांधा.

‘सापळे लावले की फवारणी नको’ हे विक्रेत्याचं बोलणं मात्र खरं धरू नका. यात फक्त नर अडकतात, आणि मिलन झालेली मादी शेजारच्या शेतातून येतेच. नर पकडूनच कीड आटोक्यात ठेवायची असेल तर एकरी ८ ते १० सापळे लागतात, तेही गावाने मिळून.

हंगाम संपला तरी सापळे गुंडाळू नका. जिनिंगच्या आवारात आणि घरी कापूस साठवलेल्या खोलीजवळ लावा, कारण सरकीत दडलेल्या अळ्यांचे पतंग तिथूनच बाहेर पडतात.