समुद्री शेवाळाचा अर्क आणि उन्हाळ कांदा: वापरानंतरचे मत

कृषी सेवा केंद्रात ‘टॉनिक’ या एकाच नावाखाली वाटेल ते विकले जाते. त्या गर्दीत तांबड्या समुद्री शेवाळाचा द्रवरूप अर्क हे त्यातल्या त्यात भरवशाचे उत्पादन आहे, असे उन्हाळ कांद्यावर तो वापरल्यावर माझे मत झाले. मात्र त्याचा गुण लागवडीच्या पद्धतीवर किती अवलंबून आहे, हे बाटलीवर कोठेही लिहिलेले नाही.

हा अर्क कप्पाफायकस अल्वारेझी या शेवाळाचा आहे. तमिळनाडूच्या रामनाथपुरम जिल्ह्यात समुद्रात तराफे सोडून त्याची शेती केली जाते, आणि ताज्या शेवाळातून रस काढण्याचे तंत्र भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने विकसित केले. त्यात पालाश (पोटॅश) असते, ऑक्झिन व सायटोकायनिन ही वाढीची संप्रेरके अल्प प्रमाणात असतात. नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरद (फॉस्फरस) ही पिकाची मुख्य अन्नद्रव्ये मात्र नावापुरतीच, त्यामुळे खताची मात्रा कमी करण्याचा दुकानदाराचा सल्ला मी मानला नाही.

एन-2-4-1 वाणाची एकाच वयाची रोपे मी काही सपाट वाफ्यांत पाटपाण्यावर आणि काही 120 सेंटिमीटर रुंद, 15 सेंटिमीटर उंच गादीवाफ्यांवर ठिबकाखाली लावली. दोन्हीकडे अंतर 15 बाय 10 सेंटिमीटरच होते, आणि दोन्हीकडे काही भाग फवारणीविना राखून ठेवला होता. सपाट वाफ्यांत पाणी साचून माती आवळत गेली. तेथे फवारलेला आणि न फवारलेला कांदा शेजारी ठेवला तर ओळखू येत नव्हता. गादीवाफ्यावर मात्र रोप उपटून पाहिले की पांढऱ्या मुळांचा झुपका स्पष्टपणे दाट दिसे, पात ताठ उभी राहिली आणि कांद्याच्या आकारात एकसारखेपणा आला. तरीही खरे सांगायचे तर न फवारलेला गादीवाफादेखील फवारलेल्या सपाट वाफ्यापेक्षा उजवा ठरला, म्हणून ज्याच्याकडे एकाच गोष्टीपुरते पैसे असतील त्याने आधी वाफे बदलावेत.

वापरताना काही अडचणी येतात. तळाशी गाळ बसतो, तो हलवून फडक्यातून गाळून घेतला नाही तर पंपाचे नोझल तुंबते. कांद्याची पात मेणचट असल्याने लिटरला अडीच मिली अर्काबरोबर स्टिकर, म्हणजे फवारा पातीवर चिकटवून धरणारा द्रव, घ्यावेच लागते, नाहीतर थेंब ओघळून जमिनीवर जातात. कांदा पोसल्यावर फवारणी करू नये. पात हिरवी राहते, माना पडायला, म्हणजे कांदा काढणीला यायला, उशीर होतो आणि चाळीत साठवायच्या मालाला ते परवडत नाही. फुलकिडे किंवा करप्यावर याचा काही उपयोग मला दिसला नाही, विक्रेते काहीही म्हणोत.

हा अर्क ज्यांत मोडतो ती जैव उत्तेजके (पिकाच्या वाढीला चालना देणारी उत्पादने) 2021 पासून खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत आली आहेत. म्हणून घटकांचे प्रमाण, बॅच क्रमांक आणि उत्पादनाची तारीख लेबलावर नसलेली बाटली, कितीही स्वस्त मिळाली तरी, परत करावी आणि पक्के बिल मागावे.