पॅनेल खरे, बॅटरी खोटी

छतावर बसवलेले सोलर पॅनेल खरे निघाले. इन्व्हर्टरही खरा. नेट मीटर, म्हणजे घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणारा मीटर, महावितरणनेच बसवला आणि ७८ हजारांची सबसिडी थेट माझ्या खात्यात आली. त्यामुळे आमच्या गल्लीत फसवणूक झाली म्हटलं की लोकांना ते खरंच वाटत नाही. पाणी मुरलं ते बॅटरीत.

पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम म्हणून जाहीर झाली, तेव्हापासून आमच्या भागात सोलरचं वारं आहे. एजंट आला तोच त्या गावाचे फोटो मोबाइलमध्ये घेऊन. गल्लीतली दहा-बारा घरं एकत्र घ्या, रेट कमी लावतो, म्हणाला. तीन किलोवॉटचा रेट खरोखरच बाजारापेक्षा कमी होता. तो तोटा त्याने कुठे भरून काढला ते आता कळतंय.

कारण लगेच पुढचं वाक्य आलं: "काकू, नुसतं सोलर बसवलं तर लाइट गेल्यावर तुमच्याकडेही अंधारच." हे मात्र खरं आहे. लाइन गेली की साधा ऑन-ग्रिड, म्हणजे लाइनला जोडलेला बिनबॅटरीचा इन्व्हर्टर आपोआप बंद पडतो, नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनला आपल्या छतावरच्या विजेचा झटका बसेल. आणि पावसाळ्यात आमच्याकडे गेलेली लाइट कधी येईल याचा भरवसा नसतो. म्हणून बॅटरीवरही चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर आणि पाच युनिट वीज साठवणारी लिथियम बॅटरी. बॅटरीचे ९५ हजार, त्यातले निम्मे रोख.

मेख इथेच आहे. पीएम सूर्यघर योजनेत सबसिडी मिळते ती पॅनेलच्या किलोवॉटवर. त्यासाठी पॅनेल देशी बनावटीचे लागतात, कागदपत्रं पोर्टलवर चढतात, काम झाल्यावर तपासणी होते, मग पैसे जमा होतात. बॅटरीला सबसिडी नाही, म्हणून ती कुणी तपासतही नाही. तपासणीला आलेले साहेब छतावर गेले, फोटो काढले. जिन्याखालच्या डब्याकडे त्यांनी ढुंकूनही बघितलं नाही. त्यांचं ते कामच नव्हतं.

एजंटने मेन स्विच पाडून डेमो मात्र झकास दिला. पंखा, दोन ट्यूब, टीव्ही. अर्ध्या तासाने डिस्प्लेवर ९८ टक्के. या लिथियम बॅटऱ्यांचा व्होल्टेज संपत येईपर्यंत जवळजवळ सारखाच राहतो आणि मग धाडकन कोसळतो. अर्ध्या तासाच्या डेमोत म्हातारी बॅटरीही पैलवान दिसते.

पहिल्या मोठ्या पावसात ती फ्रिजसकट बसली, तेव्हा शेजारच्या दादांनी गणपती मंडळाचे पाचशे वॉटचे दोन हॅलोजन आणले. दोन्ही लावले की तासाला एक युनिट जळतं, हिशोब सोपा. बॅटरी फुल्ल चार्ज, रात्रीची वेळ, मेन बंद, समोर घड्याळ. पाच युनिटची बॅटरी साडेचार तास तरी ओढायला हवी. आमची सव्वा तासात टक्‌ करून बंद. डिस्प्ले तेव्हाही ६१ टक्के दाखवत होता!

मग कराडच्या एका बॅटरीवाल्याकडून डबा उघडून घेतला. आत सोळा सेल. वरचं निळं प्लास्टिक कोरं करकरीत, पण टर्मिनलवर जुनं वेल्डिंग घासून काढल्याचे ओरखडे आणि प्रत्येक सेलवरचा क्यूआर कोड टोकदार कशाने तरी खरवडलेला. "कुठल्यातरी ई-रिक्षातनं काढलेला माल दिसतोय," तो म्हणाला. एका सेलचं पोट फुगलं होतं. आणि हे सगळं गॅस सिलिंडरपासून चार हातांवर.

डबा उघडला तर वॉरंटी जाईल, असं एजंट फोनवर दरडावत होता. कसली वॉरंटी? बिलावर लिहिलंय, 'बॅटरी बॅकअप सिस्टिम, १ नग'. ना कंपनीचं नाव, ना अँपिअर-अवर (बॅटरीची क्षमता), ना सिरियल नंबर. तुम्ही घेणार असाल तर बिलावर ५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवर (गुणाकार केला की पाच युनिट) असे आकडे लिहून घ्या. सिरियल नंबरही घ्या आणि तो विक्रेत्याला नाही, बॅटरी बनवणाऱ्या कंपनीला फोन करून पडताळा. हॅलोजनची चाचणी शेवटचा हप्ता हातात असतानाच करा.

एजंट अजून फोन उचलतो, हे विशेष. "तुम्ही लोड जास्त लावलात," एवढं एकच पालुपद. आम्ही १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी लागत नाही, मात्र दोन वर्षांच्या आत जावं लागतं. त्यासाठी दादांचे हॅलोजन आता घरोघरी फिरतायत, आणि अजून एकाही घरची बॅटरी दोन तासांच्या वर गेलेली नाही. दोन घरं तेवढी चाचणी करू देत नाहीत, कारण एजंट त्यांचा पाहुणा लागतो.